चिंचोलीचा डोंगर

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आपल्या बीडमध्ये कळसूबाईसारखं काही आहे का?" म्हटलं, आहे की! चिंचोलीचा डोंगर. फक्त उंची विचारू नकोस. कळसूबाई १६४६ मीटर, आणि आमचा गडी हजारालाही पोचत नाही. लांबून तर तो बालाघाटाच्या माळावरचा उंचवटाच वाटतो. माझं आजोळ त्याच्या पायथ्याचं, पाटोदा तालुक्यातलं.

चिंचोलीला गहिनीनाथगड आहे. निवृत्तीनाथांचे गुरू ते गहिनीनाथ. पुढे वामनभाऊंमुळे गडाचं नाव घरोघरी गेलं. पंचक्रोशीतली भांडणंसुद्धा गडाची शपथ घालून मिटत, असं आजी सांगायची.

पण मला या डोंगराचं नवल वाटतं ते पाण्यामुळे. चिंचोलीच्या टेकड्यांत सिंदफणा उगम पावते आणि माजलगावकडे जाऊन गोदावरीला मिळते. याच पठारावर गवळवाडीजवळ मांजरा निघते. तीही गोदावरीचीच, पण लातूर, बिदर असा ७००हून अधिक किलोमीटरचा वळसा घालून! आणि तिसरी विंचरणा. ती सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उडी घेते, जामखेडवरून सीनेला मिळते आणि भीमेमार्गे कृष्णेत जाते. म्हणजे इथल्या एका पावसाचे थेंब दोन मोठ्या नद्यांत वाटले जातात.

धरणं मात्र खाली झाली. सिंदफणेवर माजलगावला, मांजऱ्यावर धनेगावला. वर राहिली बाजरी, तूर आणि उतारावरून धावणारं पाणी.

१९४८ पर्यंत इकडे निजाम होता, शेजारच्या नगर जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना निघाला, मग पश्चिमेकडे एकामागून एक निघत गेले आणि डोंगरातल्या माणसांना वाट सापडली. वाट कसली, मुकादमाची उचल! दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या घाट उतरायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. आजोबा-आजी असा एक कोयता होते, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मामाही त्याच वाटेने गेला.

एप्रिल २०१६ मध्ये मांजऱ्याचं धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती गाडी टीव्हीवर बघून मी मामाला फोन केला. तो टँकरच्या रांगेत होता. म्हणाला, "नंबर आलाय बाबा, मागनं बोलू."