कालवांच्या तळ्यातून आर्क्टिकच्या गाळात

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मारेन-ओलेरोन नावाचा पट्टा आहे. तिथल्या जुन्या मिठागरांची आता कालवांची तळी झाली आहेत. समुद्रात वाढलेली कालवं शेवटचे काही आठवडे या उथळ तळ्यांत आणून ठेवतात आणि तिथे त्यांचे कल्ले हिरवे होतात. खवय्ये या हिरव्या कालवांना जास्त पैसे मोजतात. हा रंग एका सूक्ष्म जीवामुळे चढतो, हे बेंजामिन गायों यांनी १८२० मध्ये मांडलं. हा जीव म्हणजे निळं रंगद्रव्य बाळगणारा एक डायटम, आपल्या पाठ्यपुस्तकांतलं करंडक शैवाल. त्याचं आजचं नाव हास्लेआ ऑस्ट्रेआरिया.

आर्क्टिक समुद्रावर हजारो वर्षांपूर्वी बर्फ होता की नव्हता, हे आज एका रेणूवरून सांगतात. त्याचं नाव आयपी-२५. माझ्या मते त्याचं कूळ या कालवांच्या तळ्यांत आहे. रसायनशास्त्रज्ञ ते खनिज तेलात दाखवतात.

त्यांची बाजू अशी. अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी रोझेल पॉइंटला तेल वर येतं. त्यातल्या वीस कार्बन अणूंच्या, विचित्र फांद्या फुटलेल्या एका हायड्रोकार्बनची रचना १९८२ मध्ये उलगडली. त्याचा पंचवीस कार्बनांचा भाऊ जगभरच्या किनारी चिखलात सापडत होता. १९८६ मध्ये रॉब्सन आणि रोलँड यांनी तो प्रयोगशाळेत बनवून त्याचीही रचना पक्की केली. आयपी-२५ याच शाखेतला. हे सगळं मान्य. पण एवढ्यावरून रेणूचं रूप कळलं, त्याला जन्म कोण देतं ते कळलं नाही. तो प्रश्न सुटला १९९४ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या जॉन व्होल्कमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या दोन डायटममध्ये या कुळातले रेणू पकडले. त्यांतला एक होता हास्लेआ ऑस्ट्रेआरिया. ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत त्या रेणूवरून हवामान कसं वाचणार? म्हणून मी कुळाची सुरुवात इथून धरतो.

पुढचा दुवा तर थेटच आहे. फ्रान्सच्या नांतमध्ये जाँ-मिशेल रोबेर कालवांच्या या डायटमवर काम करत होते आणि इंग्लंडच्या प्लिमथमध्ये रोलँड आणि सायमन बेल्ट या रेणूंवर. १९९७ मध्ये हास्लेआतल्या पंचवीस-कार्बनी रेणूंवर त्यांचा एकत्र लेख आला. त्या लेखकांत गिओम मासे होते. २००७ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या बर्फात आणि गाळात एकच दुहेरी बंध असलेला पंचवीस-कार्बनी रेणू दाखवून ज्यांनी त्याला आयपी-२५ म्हटलं, त्यांतही बेल्ट, मासे आणि रोलँड आहेत. म्हणजे तीच माणसं तळ्यातल्या डायटमवरून बर्फातल्या डायटमकडे गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. थंडी वाढली की सजीव आपल्या स्निग्ध पदार्थांत सहसा दुहेरी बंध वाढवतात. तूप हिवाळ्यात थिजतं आणि गोडं तेल पातळच राहतं, यामागे दुहेरी बंधांचीच कमी-जास्ती आहे. पेशीची पटलं गारठ्यात लवचिक राहायला हवीत, म्हणून हा खटाटोप. पण २००१ मध्ये हास्लेआ वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिली, तेव्हा तिच्या फांदीदार रेणूंचा नियम बरोबर उलटा निघाला. पाणी गार तसे बंध कमी. मग गोठणबिंदूच्याही खाली, बर्फाच्या खारट पोकळ्यांत जगणाऱ्या डायटमकडे एकच बंध उरावा, हे ओघानंच येतं.

याला दुसरा पक्ष आहे. तो म्हणतो, बंधांची संख्या जातीवर ठरते, तापमानावर नाही. त्यांचा मोठा पुरावा अंटार्क्टिकाचा. तिथला सागरी बर्फही तितकाच थंड, तरी तिथल्या आयपीएसओ-२५ या रेणूत दोन बंध. पण तो रेणू बर्केलेया अडेलिएन्सिस हा वेगळ्याच घराण्यातला डायटम बनवतो. हास्लेआचा नियम त्याला लावायचाच कशाला? एक अडचण मात्र मलाही मान्य करावी लागते. आयपी-२५ बनवणारे डायटम दोन बंधांचा रेणूही सोबत बनवतात. थंडी एकटी पुरेशी नाही. जातीनं वाव दिला आणि थंडीनं त्यात कपात केली, असा माझा अंदाज.

आयपी-२५ नेमकं कोण बनवतं, हे २०१४ मध्ये ठरलं. थॉमस ब्राउन आणि सहकाऱ्यांनी बर्फातल्या डायटमच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचून वेगळ्या केल्या आणि त्यांची रासायनिक तपासणी केली. बर्फातल्या डायटमांत ज्यांचा वाटा जेमतेम एक ते पाच टक्के, अशा मोजक्या जाती निघाल्या. त्यांत हास्लेआ केल्मानी आणि प्लुरोसिग्मा स्टक्सबर्गी आहेत. ही नावं ज्यांच्यावरून पडली ते केल्मान आणि स्टक्सबर्ग हे दोघे निसर्गअभ्यासक शोधप्रवासी नॉर्डेनशल्डच्या ‘वेगा’ जहाजावर होते. हे जहाज सप्टेंबर १८७८ ते जुलै १८७९ बेरिंग सामुद्रधुनीजवळ बर्फात अडकून पडलं होतं.

बर्फाचा इतिहास वाचायला रेणूच का, डायटमची काचेची कवचं का नाहीत? अंटार्क्टिकाभोवती कवचं भरपूर टिकतात. गोव्यात वास्कोला जे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे दक्षिण महासागराच्या गाळातले डायटम अभ्यासतात. आर्क्टिकमध्ये कवचं बहुतेक विरघळून जातात. आयपी-२५ मात्र टिकतो, इतका की आर्क्टिकच्या तळाशी असलेल्या लोमोनोसोव्ह रिजवरच्या लक्षावधी वर्षांपूर्वीच्या मायोसीन गाळातही तो मिळाला आहे.

त्याची खरी कसोटी आइसलँडला लागली. तिथल्या लोकांनी किनाऱ्याला बर्फ लागल्याच्या नोंदी शतकानुशतकं ठेवल्या आहेत. १६०० नंतरच्या नोंदी भरवशाच्या, आधीच्या तुटक. मासे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उत्तर आइसलँडजवळच्या गाळातून हजार वर्षांचा आयपी-२५ काढून या नोंदींशी ताडून पाहिला, आणि तो जुळला. माझ्या लेखी या साऱ्या कथेतला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

उणीव राहते ती शून्याची. खुल्या समुद्रात बर्फातले डायटम नसतात, म्हणून आयपी-२५ शून्य. बारमाही जाड बर्फाखाली उजेडच पोचत नाही, म्हणून तिथेही शून्य. २०११ मध्ये युलियाने म्युलर आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. खुल्या पाण्यातल्या शैवालांचं स्टेरॉलही मोजायचं. ते भरपूर असेल तर समुद्र मोकळा, तेही नसेल तर वर बर्फाचं छप्पर. फक्त दोन्हींच्या प्रमाणाचा मेळ घालणारा गुणक गाळाच्या प्रत्येक नळकांड्यागणिक बदलतो. म्हणून एका जागचा आकडा दुसऱ्या जागी नेऊन टक्क्यांत बर्फ सांगणं मला धाडसाचं वाटतं. एकाच जागी बर्फ वाढला की घटला, एवढं मात्र त्यावरून खात्रीनं वाचता येतं.