खेल्ल्याचे बीज व वैद्याची छाती

ओव्याच्या कुळातील खेल्ला ही इजिप्तमधील जुनी लोकौषधी. तिच्या बियांतील खेलिन श्वासनलिका सैल करी, पण मळमळही आणी. १९५६ नंतर इंग्लंडात त्यापासून नवनवी द्रव्ये सिद्ध होऊ लागली. परंतु प्राण्यांवरील रूढ कसोट्यांत त्यांचा खरा गुण प्रकट होईना. तेव्हा स्वतः दमेकरी असलेल्या डॉक्टर रॉजर अल्टुन्यान यांनी गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासावाटे घेऊन आपल्याच छातीत दमा ओढवून घेतला, तोही शेकडो वेळा! एरवी प्रयोगात बळी जाणारा प्राणी येथे परीक्षकाचाच श्वास कोंडीत होता. १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. उठलेला दमा ते शमवीत नाही. आधी घेतल्यास मात्र आवरते. त्याची पूड ओढण्याचे फिरत्या पात्याचे यंत्र घडविण्यातही या माजी वैमानिकाचा हात होता.