मैल्याच्या टाकीची कुळकथा

अंगणांतील फरशीखालीं दडलेल्या मैल्याच्या टाकीलाही इतिहास आहे. फ्रान्समध्यें मूरास यांनीं १८८१ सालीं अशा टाकीचें पेटंट घेतलें. १८९५ सालीं इंग्लंडांतील एक्झेटर येथें कॅमेरॉन यांनीं तींत सुधारणा करून ‘सेप्टिक टँक’ हें नांव रूढ केलें. १८९७ च्या सुमारास मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत टाकींतील वायु सांठवून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे.

हा वायु येतो कोठून? हवेवांचून जगणारे जंतु मैला कुजवितात, त्यांतून तो निघतो. गाळ तळाशीं बसतो, साय वर तरंगते, आणि मधलें पाणी शोषखड्ड्यांत जातें. आमच्या पेण-रोह्याकडे पावसाळ्यांत भूजल वर येतें व शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. म्हणून दोन-तीन वर्षांनीं, उन्हाळ्यांतच, गाळ काढवावा. फिनेल वा ॲसिड ओतूं नये, जंतु मरतात. वायुनळी बुजवूं नये.

इंजिन चालविणाऱ्या त्या वायूसोबत विषारी वायुही असतो, आणि त्यानें माणूस क्षणांत कोसळतो. संरक्षक साधनांवांचून कोणास टाकींत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. पंपाची गाडी येईपर्यंत थांबावें; कोणी आपखुषीनें उतरूं म्हणाला, तरी त्यास उतरूं देऊं नये.