राष्ट्रपतिपदाची निवडणूक : अप्रत्यक्ष की थेट

भारताचा राष्ट्रपती जनतेने थेट निवडावा की लोकप्रतिनिधींनी, हा संविधान सभेपासून चालत आलेला वाद. अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य ही निवड करतात. के. टी. शहा यांनी प्रौढ मताधिकाराने थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरूंचे म्हणणे असे, की साऱ्या देशाने निवडलेल्या माणसाला खरे अधिकार न देणे विसंगत ठरेल. सभेने शहांची सूचना फेटाळली, आणि ते योग्यच झाले. पंतप्रधान एका मतदारसंघातून निवडून येतो. त्याच्यासमोर कोट्यवधी मतांचा धनी राष्ट्रपती उभा केला, तर मंत्रिमंडळाचा सल्ला त्याने का मानावा? तुर्कस्तानात २००७ च्या सार्वमताने थेट निवडणूक आली, २०१४ मध्ये ती प्रथम झाली, आणि २०१७ च्या सार्वमताने पंतप्रधानपदच रद्द करण्याचा निर्णय झाला. आयर्लंड आणि ऑस्ट्रियात राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जाऊनही कारभार सरकारप्रमुखच पाहतो, हा आक्षेप खरा आहे. पण ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षाला सरकार बरखास्त करण्याचा अधिकार कागदोपत्री आहेच. तो न वापरण्याचा संयम संकेतावर टिकून आहे, आणि संकेत मोडायला एक हट्टी माणूस पुरतो.

आमदार-खासदार पक्षाने सांगितले तसेच मत देतात, मग ही निवडणूक नावापुरतीच, असेही म्हटले जाते. बहुतेक वेळा निकाल आधीच ठरलेला असतो, हे मान्य. तरीही मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही. खासदार हिरव्या, आमदार गुलाबी मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितात. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, त्यांचे प्रतिस्पर्धी व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीत विजयासाठी लागणारा कोटा गाठता आला नाही, आणि चिंतामणराव देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहिले. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत गिरी विजयी झाले. २००७ मध्ये शिवसेनेने आपल्या आघाडीची भूमिका बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला.

या पद्धतीचे दुखणे आहे ते मतमूल्यात. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागायचे आणि भागाकाराला पुन्हा हजाराने. महाराष्ट्राचे ५ कोटी ४ लाख भागिले २८८, पुन्हा भागिले हजार, म्हणून एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५. गोव्यात ते २०. ही लोकसंख्या १९७१ ची आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तीच धरली जाईल. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आजचे मत तोलणे खटकते, पण लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या केरळ, तमिळनाडूसारख्या राज्यांचे वजन त्यामुळेच घटलेले नाही. थेट निवडणुकीत हे संरक्षण एका दिवसात जाईल, आणि त्यासोबत सर्व आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य सर्व खासदारांच्या मतांइतके ठेवणारा, केंद्र आणि राज्ये यांच्यातला समतोलही.