चांद्याच्या भट्ट्या आणि त्यांचे जळण

जळण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम चूल येते. पण आज मी चुलीविषयी बोलणार नाही. चुलीहून मोठ्या ज्या भट्ट्या आपल्या चांदा मुलखात वेळोवेळी पेटल्या, त्यांच्या जळणाची हकीकत तुम्हांला सांगणार आहे. लोहाराची भट्टी, आगगाडीचे इंजिन, विजेचे केंद्र आणि कोरपना तालुक्यातली सिमेंटची भट्टी ही सारी एकाच घराण्यातली भावंडे होत. कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावे असे आज सारे जग म्हणते आहे. अशा वेळी, आपण याआधी किती वेळा वळलो आणि त्या त्या वेळी काय घडले, हे पाहणे अगत्याचे आहे.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. 1982 मध्ये ते वेगळे झाले. या मुलखात लोखंडाचा दगड विपुल. तो गाळून फाळ, पास, विळे, कुऱ्हाडी करण्याचा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. भट्टी मातीची, भाता कातड्याचा आणि जळण लाकडी कोळशाचे. आता हिशेब पाहा. अशा साध्या भट्टीत एक किलो लोखंडामागे कित्येक किलो लाकडी कोळसा लागे, आणि एक किलो लाकडी कोळसा पाडायला चार-पाच किलो लाकूड. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातल्या एका फाळामागे जंगलातले चांगलेच ओझे उभे असे. भट्टी लहान होती म्हणून जंगल पुरले, एवढेच. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगलात कुऱ्हाड चालवणे अवघड झाले. दोन्ही बाजूंनी कोंडी होऊन हा धंदा बसला.

तोवर जमिनीखालचा कोळसा वर येऊ लागला होता. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. आज वरोरा म्हटले की आपल्याला आनंदवन आठवते. पण दीडशे वर्षांपूर्वी वरोरा म्हणजे कोळसा आणि कोळशासाठी आलेली आगगाडी. कोळसा आला म्हणून जंगलाला विसावा मिळाला, असे मात्र झाले नाही. रुळांखाली स्लीपर हवेत, खाणीत छताला टेकू हवेत. नवे जळण आले तरी जुन्याची गरज राहिलीच, फक्त ती दुसऱ्या वाटेने लागू लागली.

या वरोऱ्याच्या कोळशाची एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडावरचा अहवाल निघाला. लोहाऱ्याला उत्तम खनिज, जवळच वरोऱ्याला कोळसा. कारखान्याला आणखी काय हवे? हा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती, त्यामुळे हा प्रदेश त्यांना परका नव्हता. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीपर्यंत नेला. उत्तर आले, हा कोळसा चालणार नाही.

का चालणार नाही? पोलादाच्या मोठ्या भट्टीत कोळसा तसाच घालत नाहीत. हवा न लागू देता तापवून त्याचा कोक करतात. चांगल्या जातीचा कोळसा तापला की मऊ होऊन एकजीव होतो आणि त्याचे टणक, सच्छिद्र ढेकूळ बनते. हे ढेकूळ वरच्या खनिजाचा भार सोसते आणि हवेला वाट देते. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा तापवला तर असा जुळून येत नाही, भुगा होतो. तो बॉयलरला चालतो, पोलादाच्या भट्टीला नाही. शिवाय खाणींचे सरकारी नियमही त्या काळी जाचक होते. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. 1911 मध्ये तेथे लोखंड निघाले आणि 1912 मध्ये पोलाद. ते पाहायला जमशेटजी नव्हते. 1904 मध्येच त्यांचे निधन झाले होते. कोळशाच्या जातीवरून एका प्रदेशाचे नशीब असे ठरते. गंमत अशी की, 1990 च्या दशकात घुग्गुसला स्पंज आयर्नचा कारखाना निघाला. त्या रीतीला कोक लागतच नाही. तंत्र बदलले आणि नालायक ठरलेला कोळसा लोखंडाच्या कामी आला!

आता वर्धा नदी ओलांडून कोरपन्याकडे येऊ. राजुऱ्याचा हा सारा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे नांदेड जिल्ह्यात गेला आणि 1959 मध्ये चांद्यात आला. जमिनीखाली चुनखडी भरपूर आणि कोळसा हाकेच्या अंतरावर. 1980 च्या दशकात आवारपूर आणि गडचांदूरला सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, पुढे उपरवाहीलाही.

सिमेंट करायचे म्हणजे चुनखडी आणि चिकणमाती दळून सुमारे 1450 अंशांपर्यंत भाजायची. जुन्या काळी हे दळण पाण्यात कालवून भट्टीत सोडत. ही ओली रीत. जळणाचा मोठा भाग पाणी आटवण्यात जाई. आपण ओली लाकडे चुलीत घातली म्हणजे जे होते तेच. नव्या कोरड्या रीतीत दळण सुके असते आणि ते एका उंच मनोऱ्यातून खाली पडते, तर भट्टीचा गरम धूर खालून वर चढतो. पडता पडताच ते तापून निघते. रस्त्यावरून कारखान्याचा जो सर्वांत उंच भाग दिसतो, तो हा मनोरा.

एका पोत्याचा ढोबळ हिशेब देतो. ओल्या रीतीने 50 किलोच्या पोत्यामागे आपल्याकडचा साधारण 16 किलो कोळसा जळे. कोरड्या रीतीने आठ-नऊ किलो पुरतो. त्यातच तिसरा हिस्सा औष्णिक केंद्राची राख मिसळली तर सहा किलोंवर भागते. पन्नास-साठ वर्षांतली ही बचत लहान नव्हे. कारखान्यातल्या इंजिनियरांचे आणि कामगारांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण आता पाटीवर दुसरा आकडा मांडा. 1960-61 मध्ये साऱ्या भारतात सुमारे 80 लाख टन सिमेंट झाले. 2023-24 मध्ये 40 कोटी टनांहून अधिक. म्हणजे पन्नासपट! सगळे कारखाने उत्तम रीतीने चालतात असे धरले, तरी पोत्यामागचे जळण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आले आणि पोती झाली पन्नासपट. एकूण जळण कमी झाले की वाढले? मुलांनाच विचारा. उत्तर वीसपटीच्या जवळपास येईल.

हे कोडे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच मांडले होते. इंजिन जितके काटकसरी होते, तितकी वाफ स्वस्त पडते आणि तितकी इंजिने वाढतात, असे त्याचे म्हणणे. म्हणून काटकसर व्यर्थ आहे, असे मी म्हणणार नाही. ती नसती तर जळण पन्नासपट लागले असते. शिवाय ही पोती काही चैनीसाठी गेली नाहीत. विहिरींचे कठडे, शाळांच्या खोल्या, नद्यांवरचे पूल यांत ती आहेत. पण नुसत्या काटकसरीने कोळसा सुटत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. 2024 मध्ये जगाने 800 कोटी टनांहून अधिक कोळसा वापरला. इतका तो पूर्वी कधीही वापरला गेला नव्हता.

सुटतच नाही असेही नाही. लंडनमध्ये कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झाले, आपल्या श्वार्त्ससाहेबांच्या अहवालाचेच ते वर्ष. इंग्लंडातले असे शेवटचे केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. एकशे बेचाळीस वर्षे लागली. आणि त्यातही इंग्लंडचे कित्येक कारखाने परदेशी गेले, हे विसरू नये. दुसऱ्याच्या अंगणात धूर ढकलला तर आपले अंगण स्वच्छ दिसणारच.

हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र आज 2920 मेगावॉटचे आहे. 210 मेगावॉटचे पहिले दोन जुने संच मोडीत निघाले. तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची खास वीजवाहिनी 1999 मध्ये सुरू झाली. वीज पडघ्याला जाते आणि राख इथे राहते. आपला कोळसाही राखेचा धनी. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. 2009 च्या केंद्रीय पाहणीत चंद्रपूरचे नाव देशातल्या अतिप्रदूषित भागांत आले होते. ही राख सिमेंटमध्ये जाते तेव्हा एका भट्टीचा केर दुसऱ्या भट्टीचे जळण वाचवतो. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत समाधानाची वाटते ती ही सोयरीक.

मात्र तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली चुनखडीचीच. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू जळणाचा नव्हे, दगडातला. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली, तरी तो निघणारच. म्हणून चुनखडी कमी भाजावी लागेल अशी मिसळ हवी, आणि राख ती पुरवते. दुसरी अडचण राखेची. औष्णिक केंद्रे बंद होत गेली तर राखही आटेल. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद झाली तेव्हा बल्लारपूरचा कोळसा हाताशी होता. आवारपूर-गडचांदूरच्या कामगाराला आणि राखेचा टँकर हाकणाऱ्याला तसे दुसरे काय हाताशी असेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

एक वाट मातीची आहे. विशिष्ट जातीची पांढरी चिकणमाती भाजून, तिच्यात न भाजलेली चुनखडीची पूड मिसळून सिमेंटमधला बराचसा भाग भरून काढता येतो. या मातीला 1450 अंशांची भट्टी लागत नाही. सातशे-आठशे अंश पुरतात, म्हणजे आपल्या कुंभाराच्या आव्यात असते साधारण तेवढीच आच.