वाहतूक-क्षमता विश्लेषण प्रणाली

रस्त्यावरून ताशी किती वाहने जाऊ शकतात, चौकात सरासरी किती खोळंबा होतो आणि रांग कुठवर पोचते, याचा हिशेब मांडणारी संगणकप्रणाली. रस्ता रुंद करायचा की उड्डाणपुलाने भागेल, सिग्नलचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हे ठरवताना अभियंते तिचा आधार घेतात.

यामागचे गणित संगणकाच्या आधीचे. अमेरिकेत महामार्ग-क्षमतेची पहिली नियमपुस्तिका १९५० साली निघाली. १९६५च्या आवृत्तीने रस्त्याच्या सेवेला ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी लावल्या. ‘एफ’ म्हणजे कोंडी. ब्रिटनमध्ये वेबस्टरने १९५८ साली सिग्नलच्या चक्राचे सूत्र दिले. फ्लोरिडा विद्यापीठाची ‘एचसीएस’ आणि ऑस्ट्रेलियाची ‘सिड्रा’ अशाच सूत्रांवर चालतात. जर्मनीतील ‘व्हिसिम’ आणि फुकट मिळणारी ‘सुमो’ मात्र प्रत्येक गाडी पडद्यावर सुटी चालवून पाहतात.

मूळ घडणीत या प्रणालींनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: गाडी आपल्या लेनमध्ये, पुढच्या गाडीच्या मागे. शहापूर तालुक्यातील आटगाव फाट्यावर हे गृहीतक टिकत नाही. आसनगाव आणि खर्डी यांच्या दरम्यानचे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर, म्हणजे जुन्या राष्ट्रीय महामार्ग ३ वर आहे. मध्य रेल्वेचे स्थानक, औद्योगिक वसाहत आणि तानसा धरणाकडे फुटणारा रस्ता, सगळे इथेच. कंटेनरच्या बगलेतून दुचाकी निघते, रिक्षा साइडपट्टीवरून उलटी येते, आणि या दोघांना पडद्यावर लेन कुठली द्यायची, हा प्रश्न उरतो.

भारतीय तोडगा म्हणजे सगळ्या वाहनांना मोटारीच्या मापात आणणे. या मापाला ‘पीसीयू’ म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या संहितेत मोटार १, दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८, असे गुणांक आहेत. समजा, तासाभरात ६०० मोटारी, ४०० दुचाकी, २०० ट्रक-बस, ४ ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि एक बैलगाडी गेली. वाहने झाली १,२०५. पीसीयू भरले १,४२६. त्यांतले ६०० एकट्या ट्रक-बसचे. याच संहितेनुसार सपाट मुलखातल्या, पक्क्या साइडपट्ट्यांच्या चौपदरी रस्त्याचा आराखडा दिवसाला ४०,००० पीसीयू धरून होतो, पक्क्या साइडपट्ट्या नसलेल्या दुपदरीचा १५,०००.

ठरीव गुणांकांची अडचण उघड आहे. रिकाम्या रस्त्यावरचा ट्रक आणि चढावर रांगणारा ट्रक सारखीच जागा अडवत नाहीत. म्हणून वाहतूक-अभियंते सतीश चंद्र यांच्या पद्धतीत वाहनाचा वेग आणि त्याने व्यापलेले क्षेत्रफळ, दोन्ही मोटारीशी ताडून गुणांक काढतात. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली तयार झालेल्या ‘इंडो-एचसीएम’ या भारतीय नियमपुस्तिकेत या विचाराला जागा मिळाली. तिच्या कामात आयआयटी मुंबईही होती. आयआयटी मुंबईनेच ‘सुमो’वर ‘सिमट्रॅम’ ही प्रणाली बांधली. तीत लेनचे अरुंद पट्टे पाडले जातात. दुचाकीला थोडे पट्टे पुरतात, ट्रकला जास्त लागतात. आटगावसारख्या फाट्याला परदेशी प्रणाली जशीच्या तशी लावण्यापेक्षा ही वाट केव्हाही बरी.

तरीही प्रणालीची मदार मोजणीवरच. फाट्यावर बसलेला मोजणीदार दर पंधरा मिनिटांच्या रकान्यात चार उभ्या रेघा ओढतो आणि पाचवी आडवी मारतो. कॅमेरे आले तरी पडताळणीला ही पद्धत सुटलेली नाही. ग्रामीण रस्त्यांवर वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या काळात, सलग सात दिवस चोवीस तास मोजणी व्हावी, असा संकेत आहे. मुंबई-नाशिक रस्त्याला तेवढे पुरत नाही. रामनवमीच्या सुमारास मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पायी पालख्या याच मार्गाने जातात. पीसीयूच्या तक्त्यात पदयात्रीला गुणांक नाही, पण एक पालखी साइडपट्टी आणि कडेची लेन तासन्‌तास व्यापते. तो आठवडा मोजणीतून सुटला, तर उत्तर कागदावर नेटके आणि रस्त्यावर चुकीचे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जात असल्याने नाशिककडच्या वाहनांना दुसरी वाट मिळाली आहे. त्याआधीच्या मोजणीवर आटगावचा नवा आराखडा बेतू नये. मोजणी नव्याने घ्यावी.