खुर्चीवरचा नाच

नाच म्हटला की आपलं लक्ष आधी पायांकडे जातं. घुंगरू पायात, ठेका पायात, थिरकतात तेही पायच. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना, त्यातही डिमेन्शिया झालेल्यांना, खुर्चीत बसवून नाच शिकवतात म्हटलं की ऐकणारा हमखास हसतो. पाण्याशिवाय पोहायचा क्लास काढल्यासारखंच ते! पण गेले दोन वीकेंड मी या विषयाच्या मागे आहे (रिलीज पुढे गेलं, क्लायंटची कृपा) आणि प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही.

सुरुवात वॉशिंग्टनला होते. तिथल्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात १९४२ साली मॅरियन चेस नावाच्या बाई नाच घेऊन शिरल्या. या स्वतः नर्तकी, डेनिशॉन या तेव्हाच्या नावाजलेल्या संस्थेत तयार झालेल्या. शहरात त्यांचा क्लास होता, आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की क्लासला येणाऱ्या कितीतरी जणांना नर्तक वगैरे काही व्हायचंच नाहीये. मग ते येतात कशाला? हा प्रश्न त्यांना थेट रुग्णालयापर्यंत घेऊन गेला. महायुद्धाचे दिवस. मनोविकारांवरची आधुनिक औषधं यायला अजून दहा-बारा वर्षं होती. चेसबाई वॉर्डात जायच्या, संगीत लावायच्या, माणसांना गोलात जमवायच्या आणि समोरचा जी काही हालचाल करत असेल तीच आपल्या अंगात घेऊन त्याला परत दाखवायच्या. बोलणं बंद झालेल्या माणसाला दिलेलं हे उत्तरच म्हणा ना.

यातूनच पुढे डान्स थेरपी हा रीतसर व्यवसाय उभा राहिला. १९६६ साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष. उत्तम झालं, पण त्याची एक किंमत होती. रुग्णालयात पाय ठेवायचा तर नाचाला 'उपचार' व्हावं लागलं. आणि उपचार म्हटला की समोरचा पेशंट झाला.

दुसरी गोष्टही त्याच शहरातली, १९७५ ची. लिझ लर्मन ही तरुण नृत्यदिग्दर्शिका. आई नुकतीच कॅन्सरने गेलेली. आईच्या जाण्यावर तिला एक नृत्य बसवायचं होतं आणि त्यासाठी रंगमंचावर खरीखुरी म्हातारी माणसं हवी होती. मग ती वृद्धांच्या एका निवासात शिकवायला गेली. म्हणजे बघा, हिला कोणाला बरं करायचं नव्हतं. हिला नर्तक हवे होते! पुढच्याच वर्षी तिने डान्स एक्स्चेंज ही कंपनी काढली आणि वयस्कर नर्तक हा त्या कंपनीचा स्वभावच बनला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हे.

तिसरी गोष्ट ब्रुकलिनची. २००१ साली तिथल्या पार्किन्सन्स ग्रुपच्या संस्थापक ऑली वेस्टहायमर मार्क मॉरिस डान्स ग्रुपकडे गेल्या. मागणी एकच : आमच्या लोकांना खरा डान्स क्लास द्या, थेरपी नको. तो क्लास आजही तसाच चालतो. पहिला भाग खुर्चीत बसून, सोबत प्रत्यक्ष वाजवणारा वादक, मग जमेल त्यांनी बार धरून उभं राहायचं, मग जमिनीवर. ज्याला उठता येत नाही तो शेवटपर्यंत खुर्चीतच नाचतो आणि त्याला कोणी 'तुमचं राहू द्या' म्हणत नाही. ही पद्धत आज पंचवीसहून जास्त देशांत पोचली आहे. आपल्या पुण्यातही २०१० च्या आसपास नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले.

आता माझ्यातला इंजिनीअर जागा होतो : डेटा काय म्हणतो? २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास आला होता. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच या गोष्टी करणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण कमी दिसलं. शारीरिक हालचालींपैकी एकटा नाचच त्या यादीत. पेपरांनी लगेच 'नाचा आणि स्मृती वाचवा' छाप मथळे दिले. पण हे कोरिलेशन आहे, राव! आजार सुरू होताना माणूस आधी नाच सोडत असेल, हीही शक्यता आहेच. शिवाय डिमेन्शिया झाल्यावर नाचून तो बरा होतो असं हा अभ्यास कुठेच म्हणत नाही.

तरीपण एक गोष्ट पक्की. अल्झायमर्समध्ये 'काल काय झालं' ही आठवण आधी जाते, 'कसं करायचं' ही हातापायांची आठवण बराच काळ टिकते. मेंदूत दोन्हींची खाती वेगळी आहेत. (पार्किन्सन्सचा घोळ वेगळा. तिथे गडबड हालचालीच्याच यंत्रणेत असते आणि बाहेरून मिळालेला ताल तिला आधार देतो. दोन्ही आजारांना एकाच पिशवीत घालू नये.) २०२० साली व्हायरल झालेला तो व्हिडिओ आठवत असेल. स्पेनमधली मार्ता गोन्झालेझ, अल्झायमर्स, व्हीलचेअर, स्वान लेकचं संगीत कानावर पडतं आणि हात पंखांसारखे उघडतात. त्यात मधेमधे टाकलेली तरुण नर्तकीची दृश्यं दुसऱ्याच बाईची निघाली, न्यूयॉर्कच्या दाव्यालाही भक्कम पुरावा मिळाला नाही. पण ते हात तिचेच होते.

माझी आजी आठवड्यातून तीनदा एका डे-केअरला जाते. तिथे खुर्चीतला व्यायाम असतो : एक, दोन, तीन, चार, हात वर, हात खाली. आजी हाताची घडी घालून ढिम्म. एकदा तिथल्या एका मावशींनी सहज झिम्म्याच्या टाळ्या धरल्या. आजीची घडी सुटली, समोरच्या आजींचे हात तिने बरोब्बर पकडले, एक टाळी चुकली नाही. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आपण कोण?" चमत्कार वगैरे काही नाही. पण ती चार मिनिटं ती पेशंट नव्हती, त्या झिम्म्यात मुरलेली बाई होती.

गंमत म्हणजे बसून नाचणं आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. आपल्याकडे बैठकीची लावणी आहे. गायिका बसलेली, आणि एकाच ओळीचे दहा अर्थ चेहऱ्यावरून, बोटांतून, पदरातून निघतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी हा प्रकार पार संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारापर्यंत नेला. त्या २०१८ साली गेल्या तेव्हा शंभरी ओलांडलेल्या होत्या. कथकमध्येही लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसून भाव सांगण्यासाठी नावाजलेले. या दोन्ही ठिकाणी बसणं ही तडजोड नाही. पाय बाजूला ठेवल्यावर नाचात काय उरतं, ते दाखवायची ती जागा आहे. (लावणीच्या बैठकीचा इतिहास गोड नाही, हेही खरं. कोणापुढे आणि का बसावं लागायचं, हा वेगळा आणि मोठा विषय. असो.)

आजीच्या डे-केअरवाल्यांशी बोलून आलोय. खुर्च्या रांगेऐवजी गोलात, आकड्यांऐवजी मंगळागौरीची गाणी, आणि वाजवायला खरं माणूस. खुर्च्या जड, न सरकणाऱ्या आणि हात नसलेल्या हव्यात, म्हणजे कोपर अडकत नाही, हेही सांगितलं. शनिवारी पेटी घेऊन यायला एक मित्र तयार आहे. ढोलकीवाला मात्र अजून मिळालेला नाही.